वाचलेली पस्तीस मिनिटं

ऑक्टोबर लागला की माझं डोकं फिरतं. उन्हाने फिरतं असं आमच्याकडे सगळे समजतात, मीही समजू देते. यंदाही लागलाय. गॅलरीत टाकलेले कपडे तासाभरात वाळून पापडासारखे कडक होतायत. दुपारी खाडीकडून येतो त्याला वारा म्हणायचं, पण तो गरम, आणि त्यात चिखलाचा नि सुकत चाललेल्या गवताचा वास. मेट्रोच्या खांबांखालची धूळ चौथ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीत येऊन बसते. मी पुसते, ती पुन्हा येते. परळची खोली सोडून मिरा रोडच्या पूनम सागरला आलो त्याला एकवीस वर्षं झाली. म्हणजे एकवीस ऑक्टोबर इथे काढले, पण डोक्यात ठाण मांडून बसलाय तो एकच, तीन वर्षांपूर्वीचा.

दुपारी बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी गेटपाशी फटफट ऐकू येते. आमचे हे आले. सायकलला इंजिन बसवलेलं आहे, फोर-स्ट्रोक, पेट्रोलवर चालणारं. पूर्वी हेच पावणेपाचला यायचे. पस्तीस मिनिटं वाचतात रोज. मी शाळेत गणित शिकवते, माझा हिशेब चुकत नाही. ते इंजिन मी निवडलंय, मी बसवून घेतलंय, आणि आज त्याची फटफट कानावर पडली की मला खाली जाऊन त्याच्यावर हातोडा घालावासा वाटतो.

त्या वर्षी ह्यांचा उजवा गुडघा गेला. गेला म्हणजे बघता बघता सुजला, आणि गणपतीत आरतीला उभं राहता येईना. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, सपाटीवर सायकल चालवा, पण चढावर पॅडल मारायचं नाही. झालं! घोडबंदरच्या बाजूला ह्यांची कंपनी, सातची पहिली पाळी, कॉम्प्रेसर रूममध्ये ऑपरेटर. मिरा रोडहून सायकलने जायचं, मधे हायवेचा चढ. त्या वेळेला बस धड मिळत नाही, रिक्षा दोन बदलाव्या लागतात. स्कूटर म्हणाल तर मुलाने दोनदा शिकवली आणि दोनदा हे सोसायटीच्या गेटवरच आपटले. निवृत्तीला चार वर्षं होती. सायकल सुटली तर नोकरी सुटणार आणि हा माणूस अठ्ठावन्न पूर्ण व्हायच्या आत खुर्चीत बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझे वडील असे खुर्चीत बसले होते. दोन वर्षांत बोलायचे थांबले. म्हणून मी म्हटलं, सायकलला इंजिन लावायचं. ह्या घरात दुसरं कुणी काही ठरवत नाही, ठरवते ती मी.

एकदा हे बाहेर कळल्यावर जो तो इंजिनातला जाणकार निघाला. मुलगा केदार पुण्याला असतो. त्याने एक तक्ताच पाठवला. टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक, चाकात बसणारी बॅटरीची मोटर. वजन, वेग, धूर, आवाज, प्रत्येकाला दहापैकी गुण. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, टू-स्ट्रोक विसर. धूर काढतंय आणि सारखं बिघडतंय. फोर-स्ट्रोक नाहीतर मोटर." मी म्हटलं, "तुझ्या बाबांना विचार." तर हे म्हणाले, "तुम्ही बघा, मला काय कळतंय." बत्तीस वर्षं मशीन सांभाळणारा माणूस म्हणतो मला काय कळतंय! आणि आम्ही दोघांनी ते खरं धरलं. लाज वाटायला पाहिजे होती.

दुसरे शहाणे आमचे सेक्रेटरी. शहाभाई. नवरात्रात खाली गरब्याचा मांडव, स्पीकरच्या भिंती, झगमगाट, सगळं सोसायटीच्या मीटरवर चालतं. मी जाऊन विचारलं, बॅटरीची सायकल घेतली तर पार्किंगमध्ये एक प्लग मिळेल का. तर म्हणाले, "भाभी, पेट्रोल का लेलो ना. चार्जिंग का अलाव नहीं कर सकते. कल सब लोग माँगेंगे." मी म्हटलं, "और ये लाइटिंग?" तर म्हणाले, "वो तो माताजी का है." आता ह्यावर काय बोलायचं? माताजीच्या नावावर पंधरा हॅलोजन चालतात आणि एका माणसाच्या गुडघ्यासाठी एक प्लग चालत नाही. मी तिथल्या तिथे बोलून घेतलं, घरी येऊन भांडी आपटली. खरं तर भांडायचं कारणच नव्हतं. बॅटरी काढून घरात आणून चार्ज करता येते, हे मला नंतर कळलं. पण तोपर्यंत मी रागावले होते, आणि रागावले की मी ठरवून टाकते.

मग खारी. भाईंदर पूर्वेला टॉवरांच्या मधोमध ते जुनं गाव अजून तग धरून आहे. तिथे मोरूदादा. जन्म होडीवर इंजिन सांभाळण्यात गेला, आता घराच्या पडवीत गॅरेज टाकलंय आणि कशालाही कसलंही इंजिन बसवून देतो. दाराला अटकाव म्हणून होडीचा जुना पंखा लावलेला. एका रविवारी आम्ही दोघं सायकल घेऊन गेलो. दुपारचे बारा. पत्र्यातून ऊन खाली ओतत होतं, ऑइलचा वास आणि शेजारच्या अंगणात सुकत टाकलेल्या मांदेलीचा वास एकमेकांत मिसळून गेला होता. घाम पुसून पुसून माझी ओढणी ओली झाली होती.

मोरूदादाने तीन वस्तू मांडल्या. एक टू-स्ट्रोक, ते मी हात न लावता बाद केलं. एक फोर-स्ट्रोक, सायकलच्या दांड्यांमधे बसणारं, चांगलं दणकट. आणि एक छोटी मोटर, मागच्या चाकाच्या मधोमध बसते, पॅडल मारलं की ती नुसता हात दिल्यासारखी मदत करते.

मी विचारलं, "दादा, ह्यातलं चढाला कुठलं चांगलं?"

तो म्हणाला, "बाय, इंजिन जाताना बगून घ्यायचा न्हाय. जाताना होरी रिकामी, रिकामी होरी कोन पन नेतं. इंजिन बगायचा येताना. येताना होरी भरलेली, मानूस दमलेला, वारा तोंडाव. तवा भावाला इचार, येताना कसा येतं तो."

केवढं शहाणपणाचं बोलला तो! आणि मी काय केलं? त्याचा तो भाऊ, म्हणजे माझा नवरा, माझ्या शेजारी उभा होता, हातभर अंतरावर. त्याला विचारायचं सोडून मीच उत्तर दिलं. म्हटलं, "येताना चढ आहे, उन्हाची वेळ आहे, दमलेले असतात. म्हणजे जास्त ताकदीचं लागेल." गणितवालीच ना. दिलेल्या माहितीवरून उत्तर काढलं. माहिती पुरी आहे का, हे बघायचं असतं असं मी दरवर्षी सातवीच्या पोरांना ओरडून सांगते.

तेवढ्यात ह्यांनी बोट केलं. त्या छोट्या मोटरकडे. म्हणाले, "ही... ही हळू चालते ना?"

त्या अख्ख्या महिन्यात इंजिनाबद्दल ह्यांनी काढलेलं ते एकच वाक्य. मी म्हटलं, "हळूच जायचं असतं तर सायकल काय वाईट होती?"

मोरूदादाच्या हाताखालचा माणूस फिस्सकन हसला. मीही हसले, मला माझं बोलणं फार आवडलं होतं. हे पण हसले. हेच जास्त टोचतं मला. ह्यांनी तोंड वाकडं केलं असतं, चिडून चालू पडले असते, तरी मी जरा थांबले असते. पण हा माणूस आपल्यावरच्या विनोदाला हसतो, आणि आपण समजतो चला, पटलं.

फोर-स्ट्रोक बसलं. दांडीवर पेट्रोलची टाकी, हँडलला क्लच, डाव्या बाजूला जादा चेन. मोरूदादाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, पेट्रोलच्या गाडीला पोलीस विचारतील, कागद काय म्हणतात ते बघा. मी म्हटलं, ह्या वयाच्या माणसाला कोण अडवतंय. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हे. दुसरी, हे इंजिन माणसाच्या चालीने चालत नाही. अगदी हळू केलं की गचके देतं आणि बंद पडतं. मी म्हटलं, त्याला हळू करायचंच कशाला?

मी पाळी सुटायची वेळ घेतली, अंतर घेतलं, इंजिनाचा वेग घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिलं, चार दहा. पहिल्या दिवशी हे आले पावणेपाचला. म्हटलं, नवीन आहे, हात बसायचाय. दुसऱ्या दिवशी पावणेपाच. आठवडा गेला, पावणेपाच. वर घामाने निथळलेले, सायकलवरून इंजिनाने आलेला माणूस असा घामाघूम होईल का? मी विचारलं तर म्हणाले, "ट्रॅफिक असतं." मला मोरूदादाचाच राग आला. पुढच्या रविवारी मी एकटी ती सायकल ढकलत, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात खारीला नेली. ढकलताना कळलं ती किती जड झालीय. मोरूदादाने एका झटक्यात सुरू केली, आवाज ऐकला, बंद केली.

"इंजिन बेस हाय, बाय. मानसाला इचार."

दुसऱ्यांदा सांगितलं त्याने. दुसऱ्यांदा! आणि मी वाटेत त्याच्याच नावाने बोटं मोडत घरी आले.

मग तो दिवस. शाळेच्या कामासाठी मी ठाण्याला गेले होते, येताना घोडबंदर रोडने बसने आले. हायवेच्या चढाला गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. खिडकीतून ऊन सरळ मांडीवर. सहज बाहेर बघितलं तर कडेच्या धुळीतून आमचे हे चालतायत. इंजिन बंद. ते धूड दोन्ही हातांनी पुढे वाकून ढकलतायत. त्या गुडघ्याने! आणि बाजूला एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस आपली साधी सायकल धरून चालतोय. हे त्याला काहीतरी सांगत होते. एक हात सोडून हातवारे करत होते. तो माणूस थांबला, हँडलवर डोकं टेकून हसला, आणि हे पण हसले. तोंड उघडून, मोठ्याने. बंद काचेतून मला ऐकू आलं नाही, पण दात दिसले. घरात हा माणूस असं शेवटचं कधी हसला होता, मला आठवेना.

आता कुणी शहाणी बाई असती तर तिला बरं वाटलं असतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक महिना मी ह्या इंजिनासाठी सगळ्यांशी भांडले आणि हे महाशय ते ढकलत नेतायत! पावणेपाचला दार उघडलं आणि सुरू केलं.

"इंजिन बसवलंय ते ढकलायला? डॉक्टर काय म्हणाले होते?"

हे चपला काढत होते. काढतच राहिले.

"कोण होता तो?"

"हनीफभाई. आमच्याच कंपनीत, दुसऱ्या कॉम्प्रेसरला असतात. मिरा गावात राहतात."

"रोज?"

"सतरा वर्षं," हे म्हणाले.

मग तुकड्यातुकड्याने कळलं. कॉम्प्रेसर रूममध्ये दिवसभर कानात बोळे घालून काम, समोरच्याला खुणेने सांगायचं. जाताना दोघांनाही घाई. येताना चढावर उतरायचं आणि चालत जायचं, हा ह्यांचा दोघांचा रिवाज. हनीफभाई दापोलीकडचे, आमचं मूळ गाव चिपळूणजवळ. एकाच्या गावचा आंबा, दुसऱ्याच्या गावची नदी, केदारचं लग्न जमत नाही ते, त्यांच्या मुलीचं मोडलं ते. माझ्याबद्दलही बोलणं होत असणारच. सतरा वर्षं त्या चढावर माझ्या घरातलं सगळं बोललं जात होतं आणि मला त्या माणसाचं नावही माहीत नव्हतं. ते ऐकून मला वाईट वाटलं का? वाटलं. पण आधी वाटला अपमान. आणि अपमान झाला की माझी जीभ सुटते.

मी म्हटलं, "मग गप्पा कंपनीत मारा की. चहाच्या सुट्टीत मारा. त्यांच्यासाठी गुडघा फोडून घ्यायची काय गरज? उद्यापासून इंजिन चालू करून सरळ घरी यायचं."

दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी गेटपाशी फटफट झाली. मी कॅलेंडरच्या मागे बरोबरची खूण केली. देवाशप्पथ सांगते, केली.

गुडघ्याचं म्हणाल तर मी बरोबर होते. सूज उतरली. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, छान. नोकरी टिकली, अजून आहे, आता वर्ष राहिलंय. बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात, मॅडमनी नवऱ्यासाठी केवढं केलं. माझी बाजू इतकी पक्की आहे की मला स्वतःशी भांडायलाही जागा मिळत नाही. आणि हे चार दहाला घरी येतात, तोंड धुतात, चहा घेतात आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसतात. ती पस्तीस मिनिटं खिडकीपाशी जातात. मी शेजारी बसून विचारते, "बोला की काहीतरी." तर म्हणतात, "काय बोलू?" ज्या खुर्चीला मी घाबरत होते, ती मीच इंजिन लावून लवकर आणली.

वाटेत भेट व्हायची, नाही असं नाही. हे म्हणतात, हनीफभाई चढाला चालताना दिसायचे, हे हात करायचे, तेही हात करायचे. थांबलं की इंजिन बंद, मग पुन्हा सुरू करायचा खटाटोप, मागून ट्रकचे भोंगे. आणि बायकोला दिलेला शब्द. गेल्या मे महिन्यात हनीफभाई निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी हे चढावर उतरले का, मी विचारलं नाही. त्या दिवशीही फटफट चार दहालाच आली होती, म्हणजे उतरले नसणार.

आणि गेल्या आठवड्यात, सोमवारी, हे आले आणि चहा तसाच ठेवला. कंपनीच्या गेटवर कुणीतरी सांगितलं होतं. हनीफभाई गावी वारले, श्रावणातच. दीड महिना होऊन गेला. ह्यांच्याकडे त्यांचा फोन नंबरसुद्धा नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कशाला लागतो?

मी चिडले. दुसरं मला येत नाही. म्हटलं, "तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत? मोरूदादाच्या दारात? मला म्हणायचं होतं, गप्प बस, मला हळू जायचंय, माझा माणूस असतो बरोबर! तोंड होतं ना तुम्हाला?"

हे म्हणाले, "सांगितलं होतं की."

सांगितलं होतंच. बोट करून सांगितलं होतं. त्यावर मी टाळ्या मिळवल्या होत्या.

काल रविवार. सकाळी उठले, ओढणी कमरेला बांधली, खाली गेले आणि सायकलचं कुलूप काढलं. ठरवलं होतं, हे फटफटं आत्ताच्या आत्ता काढायचं, ती चाकातली छोटी मोटर बसवून आणायची, प्लग दिला नाही तर शहाभाईंच्या दारात बॅटरी चार्जिंगला लावायची. ऊन तापायला लागलं होतं. हे माझ्या मागोमाग जिना उतरून आले, गुडघा सांभाळत, कठड्याला धरून.

"कुठे निघालीस?"

"खारीला. तुमची ती हळू चालणारी मोटर बसवून आणते. आता मला अडवू नका."

त्यांनी हँडलवरचा माझा हात काढला. हळूच काढला. सायकल पुन्हा स्टँडला लावली, टाकीवरची धूळ तळव्याने पुसली.

"राहू दे, मंगल," म्हणाले. "आता हळू यायचं कुणाबरोबर?"

रागाने विचारलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी साधंच विचारलं, आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.